पोहताना पाय कसे मारावेत?

मंडळी, आपण बहुतेकजण पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. "हात मार, हात मार!" एवढंच काठावरचे ओरडत. पायांचं कुणी सांगत नसे.

हातांनी माणूस पुढे जातो, हे खरे. पण पाय खाली लोंबले की अंग तिरपे होते आणि पाणी अडवते. मग हात कितीही मारा, वेग येत नाही, दम मात्र जातो. ओढ्याच्या मध्यावर दम संपला तर जिवावरच बेततं! पाय हलते ठेवले की अंग पाण्यावर आडवे राहते.

पुष्कळजण गुडघ्यात पाय मोडून धपाधप आपटतात. त्याने नुसता फेस होतो. पाय मांडीपासून हलवावा. गुडघा जरा सैल, घोटा ढिला, पाऊल मागे लांबवलेले. माशाची शेपटी पाहा ना, ती कुठे पाणी बडवते?

फार जोरही नको. मांडी मोठी, ती दम लवकर खाते. ५० मीटरच्या शर्यतीत दोन्ही हात एकेकदा फिरेपर्यंत पाय ६ वेळा मारतात. १५०० मीटरला पुष्कळजण २ वेळाच मारतात.

आपण विहिरीची पायरी धरून नुसत्या पायांचा सराव करू. काठावर पोहणारा एकजण हवाच.