बालपणीचा श्वास आणि प्रौढपणीचे हृदय



सातपाटीच्या लोकांना स्वच्छ हवेविषयी काय सांगावयाचे, असे कोणासही वाटेल. पश्चिमेस अथांग सागर आणि दिवसभर खारा वारा. येथील मुलांची फुप्फुसे निकोप असणारच, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि दिवसा समुद्राकडून येणारा वारा रात्री फिरतो व जमिनीकडून वाहू लागतो. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूरही तिच्याबरोबर खालीच राहतो. उत्तरेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. हवा, पाणी व जमीन या तिन्हींचा विचार करून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली काढलेल्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात पहिले आले. हा क्रमांक भूषणाचा नव्हे. येथे अधिक गुण म्हणजे अधिक प्रदूषण.

धुराने खोकला येतो, डोळे चुरचुरतात, एवढे सर्वांना ठाऊक आहे. खरा धोका दिसत नाही. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही सूक्ष्म असे कण फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतात. तेथे दाह होतो, त्याचे परिणाम रक्तात उतरतात आणि रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर दुखावते. वर्षानुवर्षे हे चालले की तेथे चरबीचे थर बसणे सोपे जाते. दूषित हवेमुळे प्रौढांत हृदयविकार व पक्षाघात वाढतात, हे आता सर्वमान्य आहे.

मग मुलांचे काय? वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते. त्याचे फुप्फुस अजून घडत असते आणि पुढे सारे आयुष्य पडलेले असते. दक्षिण कॅलिफोर्नियातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. वयाच्या पहिल्या पाच वर्षांत ज्यांच्या वाट्याला ओझोनयुक्त हवा अधिक आली, त्यांच्या मानेतील रोहिणीची भिंत अधिक जाड आढळली. हे विद्यार्थी ऐन तारुण्यात होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा जो अभ्यास चालविला, त्यानेही उतारवयातील रोगांची मुळे गर्भावस्थेपर्यंत जातात, या विचारास बळ दिले.

याचा अर्थ धुरात वाढलेल्या प्रत्येक मुलास हृदयविकार होईल, असा नव्हे. तंबाखू, आहार, रक्तदाब, मधुमेह व आनुवंशिकता यांचाही वाटा असतो. परंतु पन्नाशीत उद्भवणाऱ्या विकाराचे खाते बालवाडीच्या वयातच उघडलेले असू शकते, हे ध्यानी घेतले पाहिजे. लक्षणे दिसेपर्यंत वाट पाहणे म्हणजे चाळीस वर्षे गमावणे होय.

कारखान्यांच्या धुरांड्यांवर नियंत्रण ठेवणे हे शासनाचे व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कर्तव्य आहे. गावानेही ते मागितले पाहिजे आणि त्यासाठी नोंदी हव्यात. शाळेने एक वही ठेवावी. उग्र वास वा धूर आला की दिनांक, वेळ, वाऱ्याची दिशा व मुलांना झालेला त्रास तीत लिहावा. मोघम तक्रारीपेक्षा अशा वहीला अधिक वजन असते.

गावातील धूर मात्र गावाच्याच हाती आहे. केरकचरा, प्लॅस्टिक व नायलॉनची फाटकी जाळी पेटविण्यास ग्रामपंचायतीने ठराव करून बंदी घालावी. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. पण गॅसची जोडणी मिळाली म्हणजे चूल विझली, असे होत नाही. पुढचा सिलिंडर न परवडल्याने कोणत्या घरी पुन्हा लाकडे पेटतात, हे अंगणवाडी सेविका सांगू शकतील. तान्हे मूल व गरोदर माता असलेल्या घरांकडे प्रथम लक्ष द्यावे.

हवा सुधारली तर मुले सुधारतात, यालाही आधार आहे. त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात प्रदूषण घटत गेले, तसतशी मुलांच्या फुप्फुसांची वाढ अधिक चांगली झाल्याचे २०१५ साली दिसून आले. सातपाटीतील आजच्या बालवाडीतील मुले उद्या होड्या हाकतील, संसार चालवतील. त्या वयात त्यांचे हृदय साथ देईल की नाही, हे काही अंशी आजच्या पंचायतीच्या ठरावावर अवलंबून आहे.