फुप्फुसाचा विकार आणि मूत्रपिंडाचे आरोग्य



सार्वजनिक आरोग्याचे नियोजन रोगांच्या नावांनुसार केले जाते. माणसाचे शरीर मात्र ही विभागणी मानत नाही. एखाद्या दीर्घकालीन रोगाबरोबर त्याच व्यक्तीला दुसराही रोग असणे, यास सहव्याधी म्हणतात. फुप्फुसाचा दीर्घकालीन अवरोधक विकार, म्हणजेच सीओपीडी, आणि मूत्रपिंडाचा जुनाट विकार ही अशीच एक जोडी आहे.

‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातील सीओपीडीच्या रुग्णांची संख्या १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होती. २०१६ मध्ये ती ५ कोटी ५३ लाखांवर गेली. या रोगाच्या एकूण भारापैकी ५३.७ टक्के वाटा वायुप्रदूषणाचा, तर २५.४ टक्के तंबाखूचा होता. म्हणजेच कधीही धूम्रपान न केलेली, परंतु आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेली स्त्रीही या रोगाची बळी ठरते.

फुप्फुसे व मूत्रपिंडे यांचे कार्य परस्परपूरक आहे. रक्तातील आम्ल व अल्क यांचा समतोल ही दोन्ही इंद्रिये मिळून राखतात. फुप्फुसांच्या दुर्बलतेमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागला, की मूत्रपिंडे काही दिवसांत जादा बायकार्बोनेट राखून आम्लता आटोक्यात आणतात. मूत्रपिंडेच निकामी होऊ लागली, तर हा आधार तुटतो आणि छातीचा साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो. प्राणवायू कमी पडल्यास एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवून तांबड्या पेशींची निर्मिती वाढविण्याचे कामही मुख्यतः मूत्रपिंडांचेच. पेशींना प्राणवायूची उपलब्धता कशी कळते, याविषयीच्या संशोधनास २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनाचा एक मुख्य धागा या संप्रेरकाच्या अभ्यासातूनच निघाला होता.

दोन्ही विकारांची काही कारणेही समान आहेत. तंबाखू, वाढते वय आणि हवेतील सूक्ष्म कण दोन्ही इंद्रियांना अपायकारक ठरतात. शिवाय जुनाट फुप्फुसविकारात हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन शिरांतील दाब वाढतो व मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. मधुमेह व उच्च रक्तदाब सोबत असल्यास हानी अधिक वेगाने होते.

खरी अडचण निदानाची आहे. मूत्रपिंडाच्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन मोजले जाते. हा पदार्थ स्नायूंपासून तयार होतो. सीओपीडीच्या अनेक रुग्णांचे स्नायू झिजलेले असतात. त्यामुळे मूत्रपिंड अशक्त असूनही क्रिएटिनिन वाढलेले दिसत नाही. उदाहरणादाखल, ६५ वर्षे वयाच्या व ४० किलो वजनाच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम आले, तर ते अनेक प्रयोगशाळांच्या अहवालात सामान्य मर्यादेत गणले जाते. २०२१ च्या प्रचलित सूत्रानुसार मात्र तिच्या मूत्रपिंडाचा गाळणदर मिनिटाला सुमारे ५६ मिलिलिटर येतो. स्नायू झिजलेले असल्यास तो प्रत्यक्षात याहूनही कमी असू शकतो. हा दर तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिल्यास जुनाट मूत्रपिंडविकार मानला जातो. निदान न झाल्याने अशा रुग्णास वेदनाशामके किंवा काही प्रतिजैविके नेहमीच्या मात्रेत दिली जातात आणि उरलेसुरले कार्यही धोक्यात येते.

यावरील उपाय खर्चिक नाही. क्रिएटिनिनच्या आकड्यावर न थांबता गाळणदर काढणे, लघवीतील अल्ब्युमिन तपासणे, रक्तदाब मोजणे आणि औषधांची मात्रा त्यानुसार ठरविणे एवढ्याने बरेच साधते. शंका उरल्यास सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्तचाचणी उपयोगी पडते. याउलट मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस करावे लागते. गरीब कुटुंबांचा हा भार हलका करण्यासाठी २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी १ मे रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. धूर कमी करणारी योजना हीसुद्धा आरोग्य योजनाच होय. मात्र सिलिंडर पुन्हा भरून घेणे परवडले, तरच चूल खऱ्या अर्थाने विझते.

कर्करोग, मधुमेह, हृद्रोग व पक्षाघात यांसाठी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची व्याप्ती पुढे वाढली. २०२३ मध्ये त्यास असंसर्गजन्य रोगांचा व्यापक कार्यक्रम असे स्वरूप मिळाले. सीओपीडी व जुनाट मूत्रपिंडविकार हे दोन्ही त्यात समाविष्ट आहेत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनेही मूत्रपिंड व फुप्फुस यांच्या आरोग्याविषयी स्वतंत्र ठराव संमत केले.

कागदावर दोन्ही रोग आता शेजारी आले आहेत. आरोग्य केंद्रात दम लागतो म्हणून आलेल्या रुग्णाची लघवीही तपासली जाईल, तेव्हाच ही जवळीक प्रत्यक्षात उतरेल. रोगांची मोजणी वेगवेगळी झाली तरी चालेल. उपचार मात्र संपूर्ण माणसाचा व्हावयास हवा.