कुंडीतली शेवंती आणि गेटवरचा दिवा

(रौप्यमहोत्सवाच्या तयारीसाठी जुलैमध्ये झालेल्या सभेतील भाषण)



जानेवारी अखेरच्या कार्यक्रमाला गेटपासून हॉलपर्यंत शेवंतीच्या कुंड्या मांडायच्या असं कमिटीनं ठरवलं आणि जाती निवडायचं काम माझ्यावर टाकलं. बजेट कमी असलं की माझं नाव सुचतं, हा जुना अनुभव आहे. असो.

सोपा मार्ग म्हणजे आदल्या दिवशी टेम्पोभर फुललेल्या कुंड्या आणणं. विसाव्या वर्धापनदिनाला आपण तेच केलं. सगळी फुलं उमललेलीच आणली, मागे कळी शिल्लक नव्हती. आठवड्याभरात सगळं तपकिरी. त्यातली जी झाडं जगली ती पुढच्या वर्षी गुडघ्यापर्यंत वाढून आडवी झाली, कारण नर्सरीवाले औषध मारून झाड बुटकं ठेवतात. त्याचा परिणाम ओसरला की झाड मूळ उंचीवर जातं. म्हणून विकत घ्यायचीच तर कळ्यांना नुकता रंग दिसायला लागलेली कुंडी घ्या.

नर्सरीत आपण रंग विचारतो. त्याआधी विचारायचं ते "फुलते कधी?" लवकर येणारी जात दिवाळीला संपते, मग जानेवारीत नुसता पाला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेनं काढलेल्या काही जातींची नावंच मोसम सांगतात: 'वर्षा', 'शरद शोभा', 'हेमंत शृंगार', 'माघी'. तिथलं वेळापत्रक पुण्यात तंतोतंत चालणार नाही, पण आधी कोण आणि नंतर कोण ते कळतं. त्या संस्थेच्या छोट्या फुलांच्या काही जाती शेंडा न खुडता, काठी न लावता आपोआप घुमटासारख्या भरतात. आपल्यासारख्या आळशी माळ्यांसाठी त्याच बऱ्या. 'स्नोबॉल', 'सोनार बांगला' यांची मोठी गोंड्यासारखी फुलं एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात बघायला छान, पण एका दांडीवर एक कळी ठेवून बाकीच्या खुडत बसायच्या. त्या मी घेणार नाही. रंगाचं म्हणाल तर आपला कार्यक्रम संध्याकाळी आहे. गडद मरून रंग त्या वेळी पाच पावलांवरून काळा दिसतो. पिवळा आणि पांढरा घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. सी विंगमधल्या काकूंची पिवळी शेवंती जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटीच्या पहिल्या वर्षी त्यांनी माहेरून काश्या आणल्या आणि प्रत्येक मजल्यावर वाटल्या. मार्गशीर्षातल्या गुरुवारी निम्म्या सोसायटीच्या पूजेला त्यांचीच फुलं असत. जाताना त्यांनी उरलेल्या कुंड्या माझ्याकडे सोपवल्या. मी त्या मोक्याच्या जागी, गेटपाशी ठेवल्या. पुढची दोन वर्षं एक फूल आलं नाही. झाडं हिरवीगार, पण कळीच नाही. खत बदललं, माती बदलली, शेवटी फेकून द्यायला निघालो होतो. अगदी खरं सांगतो, हात लावला होता.

तेवढ्यात पंपरूममागे ठेवलेली एक कुंडी दिसली. त्याच काश्यांची, कुणी पाणीसुद्धा धड घालत नव्हतं, आणि पिवळीधमक फुललेली. फरक एकच होता. गेटवर स्कूटरचोऱ्यांनंतर बसवलेला मोठा दिवा रात्रभर जळतो, पंपरूममागे अंधार.

शेवंतीला कळी धरायला लांब, अखंड रात्र लागते. पुण्यात जूनमध्ये दिवस तेरा तासांहून थोडा मोठा, डिसेंबरमध्ये अकरा तासांचा. दिवस आखडायला लागला की झाड पाला सोडून कळीकडे वळतं. रात्री प्रखर दिवा पडला तर त्याला उन्हाळाच वाटत राहतो. कर्नाटकात कोलार भागातले शेतकरी फुलं लांबवायला शेवंतीच्या शेतात रात्री मुद्दाम बल्ब लावतात. आपण तेच केलं, फक्त नकळत आणि सोसायटीच्या बिलावर.

सेक्रेटरी साहेब, घाबरू नका, दिवा काढा असं मी म्हणत नाही. मला तो हवाच आहे! अंधार सुरू झाल्यापासून साधारण नऊ-दहा आठवड्यांत फुलं येतात. तेव्हा काकूंच्या अकरा कुंड्या सध्या गेटच्या दिव्याखालीच राहू द्या. ऑगस्टपर्यंत मी शेंडे खुडून त्या भरदार करतो. सहा कुंड्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि पाच पंधरा तारखेला पंपरूममागे न्यायच्या. दोन खेपा अशासाठी, की एक चुकली तरी दुसरी कार्यक्रमाला सापडेल. कळीला रंग आला की परत गेटवर. मग दिव्यानं काही बिघडत नाही. बाकीच्या वीस कुंड्या उशिरा फुलणाऱ्या छोट्या जातींच्या, पिवळ्या-पांढऱ्या, कळीवर आलेल्या विकत घेऊ.

तिथे पंपरूममागे मोबाईलचा टॉर्च घेऊन रोज बघायला जाऊ नका, एवढी मुलांना विनंती. आणि ओल्या मातीची दहा इंची कुंडी माझ्या कमरेला झेपत नाही. नोव्हेंबरच्या दोन्ही रविवारी सकाळी आठला चार जण हवेत. वॉचमनकडे वही ठेवली आहे, जाताना नावं लिहा.