हरून आलेल्या पोराला आधी विचारा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला खेळणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द बोलायला सांगितले. मी क्रीडाशिक्षक नाही, डॉक्टरही नाही. मी सूतगिरणीतला कामगार. तीस वर्षे रिंग खात्यात साचे सांभाळले आणि पाळी सुटल्यावर वाचनालयात जे हाती लागले ते वाचले. आज सांगणार आहे ते मात्र पुस्तकातले नाही, माझ्या घरात घडलेले आहे. त्यात चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो.

माझा पुतण्या कबड्डी खेळायचा. चढाईला फार चांगला. पहाटे पाचला महामार्गाच्या कडेने पळायचा, मग कॉलेज, टोमॅटोचा हंगाम असला की दुपारी मार्केटला क्रेट उचलायचा आणि संध्याकाळी पुन्हा मैदानावर. आम्ही सगळे म्हणायचो, पोरगं नाव काढणार. कुणी दूध द्यायचे, कुणी अंडी, कुणी बूट. एका स्पर्धेत शेवटच्या चढाईत त्याची पकड झाली आणि संघ एका गुणाने हरला. रात्री तो घरी आला. मी ओट्यावर बसलो होतो. जेवला का, कुठं लागलं का, काही विचारले नाही. म्हणालो, "एवढं खाऊ घातलं, ते पाण्यातच गेलं म्हणायचं."

तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पळायला उठला नाही. आठ दिवसांत कॉलेजला जाणेही बंद केले. जेवण कमी, रात्री झोप नाही, हाक मारली तर भिंतीकडे तोंड. आम्ही म्हणालो, नाटक करतो. कुणी म्हणाले, नजर लागली. एके दिवशी तो आईला म्हणाला, "मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल." ते ऐकून माझे पायच लटपटले.

त्याच्या शाळेतले जुने सर घरी आले. त्यांनी कबड्डीचे नावसुद्धा काढले नाही. चहा घेतला आणि विचारले, "झोप लागते का रे तुला?" एवढ्या एका वाक्यावर पोरगं ढसाढसा रडलं. सरांनी त्याला रडू दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेले. बरे व्हायला काही महिने लागले. आता तो कामाला आहे, रविवारी लहान पोरांना कबड्डी शिकवतो. पण माझे ते वाक्य तो विसरला असेल असे मला वाटत नाही. मीही विसरलेलो नाही.

मित्रहो, तथागतांच्या काळी सोण नावाचा भिक्खू होता. श्रीमंताघरचा, मऊ पायांचा. साधनेत तो इतका चालला की पाय रक्ताळले. तरी फळ मिळेना, म्हणून घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. बुद्ध स्वतः त्याच्याकडे गेले. रागावले नाहीत. त्याला त्याच्या वीणेविषयी विचारले. तारा फार ताणल्या तर ती नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? सोणाला स्वतःच उत्तर सापडले. आमच्या साच्यावरही असेच आहे. सुताला ताण लागतो, ताणाशिवाय सूत होत नाही. पण ताण जास्त झाला की धागा तुटतो. तुटलेल्या धाग्याला कुणी शिव्या देत नाही, थांबून सांधतो.

आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा. वडील गेले, २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तिथे नाव वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला निघाला तेव्हा आई इतकी आजारी होती की मुलगा कुठे चालला हेही तिला उमगत नव्हते. तिथे तो तेरावा आला. आपण तेरावा नंबर लक्षात ठेवला, पण ते ओझे घेऊन तो वल्ही कशी मारत असेल, हे किती जणांनी मनात आणले? २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तब्येत बिघडलेली असताना एकट्याच्या शर्यतीत तो मागे पडला. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नावेत सुवर्णपदक मिळाले. पहिल्या दिवसाच्या निकालावर कुणी त्याला मोडीत काढले असते तर?

अमेरिकेची सिमोन बाइल्स तर जगातली मोठी जिम्नॅस्ट. २०२१ मध्ये टोकियोला मन साथ देत नाही म्हणून ती सांघिक फेरीतून मधेच बाहेर पडली. लोकांनी नावे ठेवली. तीच बाई २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके घेऊन गेली. थांबणे म्हणजे पळून जाणे नव्हे.

मोठ्या खेळाडूंच्या मागे डॉक्टर असतात, मनाचे सल्लागार असतात. आपल्या पोरांच्या मागे कोण? आपणच. म्हणून पालकांना हात जोडून सांगतो, पोर मैदानावरून आले की आधी "जेवलास का, कसा आहेस" विचारा, निकाल मागाहून. परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळी आल्या तर त्याच्यावरचे घरचे काम कमी करा. पाय मुरगळून पोर घरी बसले असेल तर त्याच्या जोडीदारांनो, त्याला भेटायला जा, कारण मैदान सुटले की मित्रही सुटतात. कुणी जातीवरून टोमणा मारला तर "मनावर घेऊ नको" म्हणून मिटवू नका, संबंधितांना जाऊन विचारा.

आणि झोप, जेवण, बोलणे दोन आठवडे बिघडलेले दिसले तर वाट पाहू नका. मरणाची भाषा ऐकली तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटे सोडू नका. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फोन १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहावा, ही समितीला विनंती.

मुलांनो, जिंकून आलात तर पेढे द्या. हरून आलात तर आधी विहारात या. इथे तुम्हाला गुण विचारणार नाही, एवढा शब्द मी आज सर्वांसमोर देतो.

जयभीम! नमो बुद्धाय!