चहाची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या समारंभात मी चहाच्या पारखीविषयी बोलावे, असे चिटणीसबाईंनी कळविले, तेव्हा मला प्रथम हसूच आले. चहावर बोलावयाचे काय? तो करावयाचा, गाळावयाचा, सर्वांना नेऊन द्यावयाचा, आणि पातेल्यात उरलेला घोटभर आपण ओट्याशी उभ्याने घ्यावयाचा! पण मग मनात आले, की जी वस्तू आपण रोज तीनतीनदा करतो, ती चांगली की वाईट हे आपण आपल्या जिभेला कधी विचारले आहे का? मी विचारले नव्हते. त्याबद्दल घरातच मला एक धडा मिळाला. तोच आज सांगणार आहे.

यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही काही वर्षे कलकत्त्यास होतो. तेथे चहाचे जाहीर लिलाव १८६१ सालापासून होत आले आहेत. आमच्या शेजारचे बंगाली गृहस्थ लिलावाआधी चहा चाखून त्याचा भाव ठरविणाऱ्या एका पेढीत होते. त्यांच्या पत्नीने शब्द टाकला, म्हणून ती चाखण्याची खोली एकदा मला पाहावयास मिळाली. खिडकीलगत लांबच लांब टेबल, त्यावर झाकणाचे पांढरेशुभ्र पेले, प्रत्येकापुढे एक पांढरी वाटी आणि कोरड्या पत्तीची डबी. चहा चमच्याने नव्हे, तोलून घ्यावयाचा. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम हे त्याचे रूढ प्रमाण. वर उकळते पाणी ओतून झाकण लावावयाचे, ते सहा मिनिटे काढावयाचे नाही. मग रस वाटीत गाळून घ्यावयाचा आणि भिजलेली पत्ती उलट्या झाकणावर काढून ठेवावयाची. एवढ्या वेळात चहा कडक होतो हे खरे. पण तो पिण्यासाठी केलेला नसतोच. त्यातले दोष लपून राहू नयेत, म्हणून ही कसोटी.

नंतर ते गृहस्थ एकेका वाटीतून चमचाभर चहा घेऊन असा काही जोराने फुर्रकन ओढीत, की आपल्या मुलांनी तसे केले तर आपण धपाटा घालू! पण त्यात कारण आहे. असा ओढलेला चहा हवेबरोबर साऱ्या तोंडभर पसरतो आणि त्याचा वास आतून नाकापर्यंत जातो. चव आपण जिभेने घेतो तेवढीच नाकानेही घेतो. सर्दी झाली म्हणजे आमटी पांचट का लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे. चाखून झाले, की तोंडातला चहा थुंकून द्यावयाचा आणि पुढच्या वाटीकडे जावयाचे.

मी विचारले, "ह्यात पाहता तरी काय?" ते म्हणाले, पाच गोष्टी. कोरडी पत्ती एकसारखी आहे का, भिजलेली पत्ती तांब्यासारखी उजळ दिसते की काळवंडलेली, रसाचा रंग स्वच्छ आहे की मळकट, वास कसा आहे, आणि शेवटी तोंडात काय उरते. चांगल्या काळ्या चहाचा तुरटपणा हिरड्यांना किंचित झोंबतो आणि तोंड स्वच्छ करून जातो. वाईट चहा नुसता कडू लागतो, किंवा काहीच लागत नाही. धुरकट, करपट, कुबट हे दोष तर आपल्या स्वयंपाकघरातलेच आहेत; ते ओळखावयास कोणाकडे शिकावयास जावे लागत नाही.

त्याच दिवशी माझे दोन गैरसमज दूर झाले. काळा, हिरवा, ऊलाँग हे चहा निरनिराळ्या झाडांचे असतात असे मला वाटे. झाड एकच. खुडलेली पाने चुरडून हवेत पुरती लाल होऊ दिली म्हणजे काळा चहा, अर्धवट होऊ दिली म्हणजे ऊलाँग, आणि आधीच वाफ देऊन किंवा कढईत तापवून ते लाल होणे थांबविले म्हणजे हिरवा. आपला गवती चहा मात्र ह्या कुळातला नव्हे. ते निराळेच गवत आहे. दुसरे असे, की पुड्यावर "ऑरेंज पिको" असे शब्द असतात, त्यांचा संत्र्याशी काही संबंध नाही. ती पत्तीच्या आकाराची प्रत आहे. मोठे पान, तुकडा, बारीक कणी आणि भुकटी अशा ह्या पायऱ्या आहेत. भुकटी वाईट आणि पान चांगले असा त्यांचा अर्थ नाही.

एवढे ज्ञान पदरी पडल्यावर माझी मान थोडी ताठ झाली. कलकत्ता सोडून घरी येताना मी दार्जिलिंगचा उन्हाळी बहराचा चहा आणला. मे-जूनमधल्या ह्या चहाला एक द्राक्षासारखा सुगंध असतो. तुडतुडे पानांतला रस शोषतात, त्याचाही त्यात वाटा आहे. चांगला महाग चहा! एके दिवशी पाहुणे आले असता माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तो दूध, साखर, आले घालून चांगला खळखळ उकळला. मी सर्वांदेखत म्हणाले, "अगोबाई, वहिनी, ह्याचा नुसता काढा केलात! कळत नाही तर मला विचारायचे." त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून, "तुझा तू कर बाई, आम्हाला कुठे कळते," एवढेच त्यांचे उत्तर. महिना होऊन गेला. घरात दोन वेळा चहा होऊ लागला आणि बोलणे मात्र कमी झाले.

शेवटी सासूबाईच कंटाळल्या. म्हणाल्या, "एवढे कळते आहे तर दोघी न बघता चाखून सांगा." पुतणीने पाच चहा तोलून, झाकून, सारखा वेळ ठेवून केले आणि पेल्यांच्या तळाला आकडे चिकटविले. आसामचा दाणेदार, आसामचाच लांब पत्तीचा, निलगिरीचा, माझा दार्जिलिंग आणि बाजारातून सुटा आणलेला एक स्वस्त चहा. दूध नाही, साखर नाही.

मी एका पेल्याचा लालभडक रंग पाहून त्याला पहिला नंबर दिला. वहिनींनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "रंग आहे गं, पण चव कुठे आहे?" दुसऱ्या एका पेल्याला मी सुगंधी म्हटले. त्यांनी तो नाकाशी नेला आणि हळूच म्हणाल्या, "ह्याला हिंगाचा वास येतोय."

आकडे पाहिले. पहिला तो सुटा स्वस्त चहा. आणि हिंगाचा वास होता माझ्या दार्जिलिंगला! डबा मी मसाल्यांच्या फडताळात ठेवला होता आणि चहा शेजारचा वास पटकन ओढून घेतो. महिनाभर मी तोच चहा ऐटीत पीत होते. नाकाने नव्हे, किमतीने.

सुट्या चहाची चिमूट पुतणीने टिपकागदावर पसरली, पाणी शिंपडले, पत्ती काढून कागद नळाखाली धरला. पिवळसर तांबडा डाग पडला होता. निर्भेळ चहाने असा गडद डाग पडत नाही. म्हणजे वरून रंग लावलेला होता. भगिनींनो, ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, प्रत्येकीने घरी करून पाहावी.

दुधाच्या चहासाठी वहिनींनी आसामचा दाणेदार निवडला, आणि तेही बरोबर होते. पाने चिरडून, फाडून, वळवून दाणा करणारे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातच निघाले. आज आपल्या देशातला बहुतेक चहा त्याच पद्धतीने होतो. तो लवकर उतरतो आणि कडक होतो. दूध चहातला तुरटपणा मारते, म्हणून दुधाला कडकच चहा लागतो. नाजूक दार्जिलिंग त्यात बुडून जातो. निलगिरीचा त्यांनी उन्हाळ्यात गार करून लिंबू पिळण्यासाठी बाजूला काढला. लांब पत्तीचा आसामी चहा थंड झाल्यावर गढूळ झाला, तेव्हा मी तो टाकावयास निघाले. चांगल्या कडक चहाचे तेच लक्षण असते, हे मला पुढे समजले.

तेव्हा मला एक आठवले. वहिनी वाण्याकडे चिमूटभर चहा तळहातावर घेऊन त्यावर श्वास सोडीत आणि मग हुंगीत. मला शरम वाटे. कलकत्त्याच्या त्या खोलीत ते गृहस्थ अगदी असेच करीत होते! श्वासाच्या उबेने कोरडी पत्ती वास सोडते. त्यांना त्याचा पगार मिळे. वहिनींना कोणी कधी विचारलेही नव्हते, आणि मी तर पाहुण्यांदेखत हिणविले होते.

मी म्हटले, "वहिनी, चुकले माझे." मग त्यांच्याच पद्धतीने आल्याचा चहा केला आणि पहिला पेला त्यांच्या हातात दिला. त्या बावरून इकडेतिकडे पाहू लागल्या. ह्या घरात आल्यापासून पहिला पेला आपल्या हाती आल्याचे त्यांना आठवत नव्हते.

भगिनींनो, चहा घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाला, साबण आणि ऊन ह्यांपासून दूर ठेवा. थोडा आणा, ताजा आणा. भाव नंतर विचारा, आधी हुंगून पाहा. समोरच्या टेबलावर तसेच पाच पेले झाकून ठेवले आहेत. कार्यक्रमानंतर सर्वांनी चाखावे, अगदी फुर्र आवाज करून चाखावे, आणि आपले मत सांगावे. आणि उद्या सकाळी चहा गाळाल, तेव्हा पहिला घोट आपण घेऊन मग बाहेर न्या. करणारीनेच चाखला नाही, तर तो कसा झाला हे कोण सांगणार?