कंटाळवाण्या जगज्जेत्याची उणीव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि अट एकच घातली आहे, की आपल्या नोकरीबद्दल बोलायचं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची यात फारच पंचाईत होते. म्हणून माझ्या एका अशा आवडीबद्दल बोलते, जी इथे फारशी कुणाला माहीत नसेल. मला बॉक्सिंग बघायला आवडतं. मागच्या बाकांवरच्यांनी हसून घ्या, मी थांबते.

ही सवय जर्मनीत नोकरीला असताना लागली. त्या काळात व्लादिमिर क्लिच्को या युक्रेनच्या हेवीवेट जगज्जेत्याची लढत असली, की तिकडे घरोघरी टीव्ही सुरू असायचा. २०११ मध्ये हॅम्बुर्गला ब्रिटनच्या डेव्हिड हे याच्याशी त्याची लढत झाली, ती जर्मनीत दीड कोटीहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिली. आणि गंमत अशी, की सोमवारी ऑफिसात यातलेच काही लोक म्हणायचे, "जिंकला खरा, पण काय कंटाळा आणला!"

ऑगस्ट २०१७ मध्ये क्लिच्को निवृत्त झाला, तेव्हा मला हाच प्रश्न पडला होता. इतकी वर्षं ज्याला लोक कंटाळवाणा म्हणत आले, त्याच्या जाण्याने चाहत्यांना काही वाटेल का?

आधी त्याचा हिशेब सांगते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. व्यावसायिक कारकिर्दीत ६९ लढती, ६४ विजय, त्यातले ५३ नॉकआउट. एप्रिल २००६ ते नोव्हेंबर २०१५, म्हणजे साडेनऊ वर्षांहून अधिक काळ तो सलग जगज्जेता होता आणि त्यात १८ वेळा त्याने किताब राखला. हेवीवेटमध्ये याहून लांब कारकीर्द फक्त जो लुईची. शिवाय हा माणूस क्रीडाशास्त्रातला डॉक्टरेट. कागदावर बघितलं तर कुणीही डोक्यावर घेऊन नाचावं असा.

पण लोक कागद बघायला येत नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने सुलतान इब्राहिमोव्हला हरवलं आणि प्रेक्षकांनी जिंकणाऱ्याचीच हुर्यो उडवली. कारण बाराही फेऱ्या तेच ते. उंची साडेसहा फूट, लांब डावा हात पुढे, सरळ ठोसा मारायचा. समोरचा जवळ आला की मिठी मारून त्याला जखडून टाकायचं. पंचांनी सोडवलं की पुन्हा सरळ ठोसा.

तो असा का खेळायचा, हे कळल्यावर मात्र माझं मत बदललं. सुरुवातीला तो असा नव्हता. २००३ मध्ये हॅनोव्हरला कोरी सँडर्सने त्याला दोन फेऱ्यांत चार वेळा खाली पाडलं. २००४ मध्ये लास वेगासला लेमन ब्रूस्टरपुढे पाचव्या फेरीत त्याचा दमच संपला. सगळ्यांनी जाहीर करून टाकलं, की याच्या जबड्यात दम नाही, हा संपला. आता जबडा काही बदलता येत नाही. मग प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांच्यासोबत त्याने खेळच असा बसवला, की त्या जबड्यापर्यंत ठोसा पोहोचूच नये. नोकरीबद्दल बोलायचं नाही म्हणालात, पण एक वाक्य चालवून घ्या. एखादा भाग बदलता येत नसेल तर त्याच्यावर भार येणार नाही अशी रचना करायची, हे आम्ही इंजिनिअर लोक रोज करतो. आणि ती रचना नीट चालली, की कुणालाच दिसत नाही. सर्व्हर व्यवस्थित सुरू आहे हे सांगायला आजवर मला कुणी फोन केलेला नाही.

प्रेक्षकांना दिसली ती फक्त मिठी. तिच्यामागची भीती आणि त्या भीतीवर घेतलेली मेहनत दिसली नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीने त्याला गुणांवर हरवलं. मग २९ एप्रिल २०१७ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये, सुमारे नव्वद हजार लोकांसमोर, तो अँथनी जोशुआशी लढला. क्लिच्को ४१ वर्षांचा, जोशुआ २७ चा आणि तोवर अजिंक्य. पाचव्या फेरीत जोशुआने त्याला पाडलं. तो उठला, आणि त्याच फेरीत जोशुआला पार हलवून टाकलं. सहाव्या फेरीत उजव्या हाताच्या ठोशाने त्याने जोशुआला खाली झोपवलं. अकराव्या फेरीत तो स्वतः दोनदा पडला, दोनदा उठला, आणि शेवटी पंचांनी लढत थांबवली. तो हरला. आणि आयुष्यभर जिंकून जे प्रेम मिळालं नव्हतं, ते त्या रात्री मिळालं. परतीच्या लढतीचा हक्क त्याच्याकडे होता, लास वेगासची बोलणीही सुरू होती. तरी तीन महिन्यांनी त्याने ग्लोव्ह्ज उतरवले.

म्हणजे चाहत्यांना त्याची आठवण येते का? येते. पण बहुतेकांना आठवते ती वेम्बलीची रात्र, म्हणजे त्याचा पराभव.

इथे मला आपल्या भाषेचं कौतुक वाटतं. इंग्रजीत 'मिस करणं' म्हटलं की काम भागतं. मराठीत आठवण येणं वेगळं आणि उणीव भासणं वेगळं. आठवण एखाद्या प्रसंगाची येते. उणीव भासते ती जे रोज होतं आणि आता होत नाही, त्याची.

क्लिच्कोची उणीव कशी भासली ते बघा. तो वर्षाला साधारण दोनदा रिंगमध्ये उतरायचा. संघटनेने जो आव्हानवीर समोर ठेवला, त्याच्याशी लढायचा. त्याला हरवून फ्युरी जगज्जेता झाला, पण पुढची अडीच वर्षं रिंगमध्ये उतरलाच नाही, आणि ते पट्टे वेगवेगळ्या हातांत विखुरले. जोशुआ आणि फ्युरी दोघेही भरात असताना त्यांची लढत व्हावी म्हणून चाहते वर्षानुवर्षं डोळे लावून बसले. करार, पैसे, तारखा, सगळ्यांची चर्चा झाली. लढत काही झाली नाही. चारही मोठे पट्टे एका माणसाकडे यायला मे २०२४ उजाडलं, जेव्हा रियाधमध्ये ओलेक्सांदर उसिकने फ्युरीला हरवलं. आता खरं सांगायचं तर चौथा पट्टा क्लिच्कोकडेही कधी नव्हता. पण त्यातली बरीच वर्षं तो त्याच्या थोरल्या भावाकडे, विताली क्लिच्कोकडे होता, आणि एकमेकांविरुद्ध कधीही लढणार नाही असं वचन दोघांनी आईला दिलं होतं. ते त्यांनी पाळलं.

या सगळ्या रखडपट्टीत माझ्यासारख्या प्रेक्षकाला हळूहळू कळलं, की ज्याला आपण कंटाळा म्हणत होतो, तो भरवसा होता. ठरलेल्या दिवशी येणारा, तयारी करून येणारा, समोर कोण आहे याची कुरकुर न करणारा माणूस. तो असताना ही गोष्ट मोजावी असं कुणाला वाटलं नाही.

आता समोर बसलेल्या आपल्या सर आणि बाईंकडे वळते. आज सकाळपासून आपण सगळे आठवणी काढतोय. सहल, गॅदरिंग, कुणी खाल्लेला मार, कुणी केलेली नक्कल. त्या छानच आहेत. पण मला तुमची उणीव भासते ती वेगळ्याच वेळी. संध्याकाळी मी मुलीला अपूर्णांक शिकवायला बसते आणि तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज चढतो, तेव्हा. तुम्ही साठ मुलांच्या वर्गात तेच गणित चौथ्यांदा त्याच आवाजात समजावत होतात. रोज हजेरी, रोज फळा, रोज वह्यांचा गठ्ठा. आम्ही त्याला कंटाळवाणा तास म्हणत होतो. आणि तुम्ही एकेक करून निवृत्त झालात, तेव्हा आमच्यापैकी कुणीही तिथे नव्हतं. आम्ही पुण्यात, मुंबईत, परदेशात आपापल्या मागे लागलेलो होतो.

क्लिच्कोला त्याच्या चाहत्यांनी काय सांगितलं असेल ते असो. तुम्ही आज समोर आहात, म्हणून मी सांगून टाकते. सर, बाई, तुमची नुसती आठवण येत नाही, तुमची उणीव भासते.

दहा मिनिटं झाली.