वहिवाटीचा पूल



उमेदवारीच्या काळात ज्या परिषदेच्या मागच्या रांगेत बसून मी टिपणे घेतली, तिच्याच अध्यक्षपदी आपण मला बसविले, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या समग्र प्रगतीचा आढावा घ्यावा असा शिरस्ता आहे. परंतु तो आढावा घेण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असलेली अनेक माणसे या सभागृहात बसली आहेत, म्हणून आपली अनुज्ञा गृहीत धरून मी एकाच, आणि वरवर पाहता अगदी लहान, विषयाला हात घालणार आहे. सार्वजनिक उद्यानात बांधावयाचा पादचारी पूल आणि त्याच्या दोन्ही टोकांना येऊन मिळणाऱ्या पायवाटा, हा तो विषय. धरणे, बोगदे आणि महामार्ग यांच्या अंदाजपत्रकांच्या राशीत या कामाचा कागद शोधूनही सापडू नये इतके ते लहान. तथापि माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत ज्या एका कामाने मला सर्वांत अधिक शिकविले, ते याच जातीचे होते.

माझे बालपण कोकणात गेले. आमच्या वाडीतून शाळेकडे जाताना एक व्हाळ लागे, आणि त्यावर दरसाल मिरगापूर्वी पोफळीची दोनतीन खोडे शेजारीशेजारी टाकून, एका अंगाला बांबूचा आधार बांधून साकव घातला जाई. तो कोठे घालावा याची चर्चा झालेली मी कधी ऐकली नाही. उन्हाळ्यात व्हाळ आटला म्हणजे माणसे आणि गुरे जेथून पात्र ओलांडीत, तेथेच पावसाळ्यात साकव पडे. वाट आधीची होती, साकव मागाहून आला होता, आणि पाणी वाढल्यामुळे तुटलेली वाट तेवढी जोडून देणे याहून अन्य कोणतेही प्रयोजन त्याला नव्हते. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गाळ्यांचे आणि कमानींचे गणित शिकलो, परंतु पुलाची जागा ठरविण्याचे हे साधे शास्त्र मात्र तेथे कोणी शिकविले नाही, आणि ते विसरल्याची किंमत मला पुढे चुकवावी लागली.

आपल्या मुलकी दफ्तरात ‘वहिवाट’ असा एक अर्थगर्भ शब्द आहे. पावलांनी नित्य चालून निर्माण केलेला हक्क, असा त्याचा आशय. १८८२ च्या ईझमेंट कायद्याने खाजगी जमिनीतून वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड चाललेल्या वाटेला हक्काचे स्वरूप दिले. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने शेताकडे जाणाऱ्या वाटेतील अडथळा दूर करविण्याचा अधिकार तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या हाती दिला. शेताच्या बांधावरून चालणाऱ्या कुणब्याच्या पावलांना कायदा इतके महत्त्व देतो. मग ज्या उद्यानाचा प्रत्येक नागरिक मालक आहे, तेथे त्याच्या पावलांनी उमटविलेली रेघ आम्ही नकाशा काढताना खोडून टाकतो, तिच्यावर हिरवळ पेरतो आणि ‘येथून जाऊ नये’ अशी पाटी लावतो, याचे समर्थन कोणत्या शास्त्राने करावे?

आता माझ्या कामाविषयी. एका नगरपालिकेच्या उद्यानाचे ओढ्यामुळे दोन भाग पडले होते, आणि ते जोडणारा पूल बांधण्याचे काम माझ्याकडे आले. मी तरुण होतो. मुख्य प्रवेशद्वार, कारंजे आणि फुलांचे ताटवे एका सरळ रेषेत होते. तीच रेषा ओढ्यापार नेली म्हणजे नकाशाला पूर्णता येईल, या मोहाने मी पूल त्या अक्षावर ठेवला. अठरा मीटरचा एकच गाळा, अडीच मीटर रुंदी, दोन्ही बाजूंस घडीव दगडाचे कठडे. पलीकडचा काठ सखल असल्यामुळे तेथे चौदा पायऱ्या आल्या. मंजुरी मिळाली, निविदा निघाल्या, काम मुदतीत पुरे झाले, आणि उद्घाटनानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या अभिमानाने पाहावयास गेलो.

पूल रिकामा होता. साठएक पावले वरच्या बाजूला, जेथे ओढ्यात पाचसहा मोठे धोंडे पडले होते, तेथून पलीकडच्या वस्तीतल्या बाया डोक्यावर बोजे घेऊन येत होत्या, मुले दप्तरे सावरीत उड्या मारीत होती, आणि फिरावयास आलेले एक वृद्ध गृहस्थ काठीने धोंडा चाचपून पाहत पलीकडे जावे की नाही याचा विचार करीत उभे होते. माझ्या पुलावरून जावयाचे तर वळसा घ्यावा लागे, आणि वळसा घेऊनही शेवटी चौदा पायऱ्या उतराव्या लागत. उद्यानाचा मुकादम माझ्या शेजारी उभा होता. पूल तर झाला, पण वाट कधी होणार, असे त्याने मला अगदी मनापासून विचारले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधण्यात पुढची अनेक वर्षे गेली, आणि शोधता शोधता दूरदेशींच्या कृतींचा अभ्यास घडला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांनी १८५८ साली जो आराखडा सादर केला, त्याचे मर्म वृक्षराजीत नसून वाटांच्या रचनेत आहे. शहराची आडवी वाहतूक त्यांनी चार खोल रस्त्यांतून जमिनीच्या पातळीखालून नेली. गाड्यांचे, घोडेस्वारांचे आणि पायी चालणाऱ्यांचे मार्ग परस्परांपासून निराळे केले. आणि हे मार्ग जेथे जेथे एकमेकांना छेदीत तेथे एकाने दुसऱ्याच्या वरून किंवा खालून जावे यासाठी पूल आणि कमानी बांधल्या. आज त्या छत्तीस आहेत आणि त्यांत एकही दुसरीसारखी नाही. तळ्यावरचा बो पूल त्यांत सर्वांत प्रसिद्ध. ओतीव लोखंडाचा हा पूल १८६२ साली पुरा झाला. चेरी हिलची मोकळी टेकडी आणि रॅम्बल नावाची दाट, नागमोडी वाटांची राई यांना तो जोडतो. त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, परंतु मला त्यात विशेष वाटते ते हे की पूल कोठे सुरू झाला हे चालणाऱ्याला कळत नाही. वाट हळूच उचलली जाते आणि पलीकडे तितक्याच हळुवारपणे झाडीत उतरते.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे. तेथील दक्षिणेकडच्या टेकड्यांवर अनेक उद्याने होती, पण मधल्या वाहत्या रस्त्यांनी ती एकमेकांपासून तोडली होती. २००८ साली त्यांतील माउंट फेबर आणि तेलोक ब्लांगा या दोन टेकड्यांच्या मध्ये रस्त्यापासून ३६ मीटर उंचीवर, २७४ मीटर लांबीचा, लाटांसारखा उंचसखल होत जाणारा हेंडरसन वेव्हज हा पूल झाला. त्याचे कौतुक जगभर झाले, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच योजनेत रानातून नेलेली १.३ किलोमीटरची उंचावरची जाळीदार पायवाट आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. तिचा तळ लोखंडी जाळीचा ठेवल्यामुळे ऊन आणि पाऊस खालच्या झुडपांपर्यंत पोहोचतो, आणि माणूस रानातून गेला तरी रान त्याच्या पावलांखाली तुडविले जात नाही. पूल मोजके, आणि त्यांना अर्थ देणाऱ्या वाटा कित्येक किलोमीटर, असे त्या योजनेचे प्रमाण आहे. आपल्या मुंबईतही मलबार टेकडीवर कमला नेहरू उद्यानाच्या परिसरात झाडांमधून जाणारा ४८५ मीटरचा उन्नत निसर्गमार्ग २०२५ साली लोकांसाठी खुला झाला. दाट वस्तीच्या नगरात झाडी न तोडता तिच्यातून चालता यावे, ही दृष्टी आपल्याकडे रुजत आहे, याचा मला आनंद वाटतो.

आता थोडे गणित, कारण ही परिषद गणित जाणणाऱ्यांची आहे. माझ्या पुलाच्या पलीकडच्या टोकाला जी पातळी उतरावयाची होती ती सुमारे दोन मीटरची. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्याला चालेल असा बारास एक उतार घेतला तर त्याला चोवीस मीटर लांबी लागते, त्यात मधले विसाव्याचे सपाट टप्पे वेगळेच. आणि विसास एक असा, वृद्धाला किंवा बाळाची गाडी ढकलणाऱ्या आईला चढ जाणवू नये इतका सौम्य उतार घेतला तर चाळीस मीटर. म्हणजे अठरा मीटरच्या पुलाला चाळीस मीटरची जोडवाट! ज्या भागाची लांबी पुलाच्या दुपटीहून अधिक, तो भाग आमच्या अंदाजपत्रकात ‘किरकोळ व आकस्मिक खर्च’ या सदराखाली दोन ओळींत उरकलेला असतो, आणि पैसे अपुरे पडले की प्रथम त्यावरच काट मारली जाते. याचे एक प्रशासकीय कारणही आहे. पूल हा बांधकाम खात्याच्या लेखाशीर्षाखाली येतो, पायवाट उद्यान खात्याच्या. आणि दोन्ही खात्यांच्या हद्दीच्या मधोमध जी चाळीस मीटर जमीन पडते, तिची तरतूद कोणीच करीत नाही. पायऱ्या जन्माला येतात त्या येथे.

वाटेकडे दुर्लक्ष करण्याच्या माझ्या चुकीचा दुसरा परिणाम पहिल्याच पावसाळ्यात दिसला. काठावरचा भराव मी ओढ्याच्या पात्रात थोडा पुढे आणला होता, त्यामुळे पुराच्या पाण्याला वाव कमी झाला, आणि एका रात्रीत डाव्या काठाचा सगळा भराव वाहून गेला. पूल जागच्या जागी उभा होता, कठड्याचा एक दगडही हलला नव्हता. फक्त त्याच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. लहान पुलांच्या बाबतीत असे वारंवार घडते. म्हणून पुराची रेषा पाहावयाची ती केवळ खांबांसाठी नव्हे, वाटेसाठीसुद्धा.

भाराविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण पादचारी पूल म्हटला की तो हलका असेल अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. पादचारी पुलासाठी चौरस मीटरला ५०० किलो भार धरावा असा आपला संकेत आहे. त्या हिशेबाने माझ्या पंचेचाळीस चौरस मीटरच्या पुलावर साडेबावीस टनांचा भार येतो. उद्यानातील पूल लोक केवळ ओलांडीत नाहीत, त्यावर ते थांबतात. आणि पाण्यात बदके दिसली, पलीकडे गणपतीची मिरवणूक आली, की सगळे एकाच कठड्याकडे धावतात, तेव्हा सारा भार एका बाजूस झुकतो. भार केवळ खालच्या दिशेनेच येतो असेही नाही. १० जून २००० रोजी लंडनमध्ये थेम्स नदीवर मिलेनियम पूल खुला झाला, हजारो माणसे त्यावरून चालू लागली, आणि पूल आडवा डोलू लागला. चालताना प्रत्येक पाऊल शरीराला किंचित डावीउजवीकडे रेटते. पूल थोडासा हलला की तोल सावरण्यासाठी माणसे नकळत त्याच्या आंदोलनाशी पाऊल जुळवितात, आणि त्यामुळे आंदोलन आणखी वाढते. दोनच दिवसांत पूल बंद करावा लागला, आणि कंपशामक यंत्रे बसवून २००२ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा उघडला. जगातील उत्तम अभियंत्यांनाही जे आधी दिसले नाही, ते लोकांच्या पावलांनी त्यांना दाखवून दिले.

आणि देखभाल. मोरबीचा झुलता पूल ३० ऑक्टोबर २०२२ रोजी तुटला तेव्हा सव्वाशेहून अधिक माणसे गेली. १५ जून २०२५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. या दोन्ही ठिकाणी माणसे कामासाठी घाईने पलीकडे चालली नव्हती. सुट्टीच्या दिवशी, मुलाबाळांसह, पाणी पाहण्यासाठी उभी होती. दोन्ही वेळा रविवार होता. त्या दिवसांचा विचार मनात आला की माझे मन आजही अस्वस्थ होते. पूल गंजतो तो बहुधा जेथे कोणी वाकून पाहत नाही तेथे, म्हणजे टेकूंवर, जोडांत, जेथे माती आणि पालापाचोळा साचून ओल धरते त्या टोकांशी. आणि ती टोके पाहण्याची जबाबदारी पुन्हा त्याच दोन खात्यांच्या मध्ये पडलेली असते.

माझ्या त्या उद्यानाचे पुढे काय झाले, हे काही तरुण सहकाऱ्यांनी काल मला विचारले. पाच वर्षांनी, दुसऱ्या एका कामातून उरलेल्या तरतुदीतून, त्या धोंड्यांच्या जागी आम्ही नऊ मीटरचा साधा लोखंडी साकव घातला. या वेळी नकाशा काढण्यापूर्वी मी आणि तो मुकादम आठ दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, आळीपाळीने ओढ्याकाठी बसलो, आणि कोण कोठून येतो, कोठे वळतो, कोठे दम घेतो, हे एका वहीत मांडले. दोन्ही काठांचा चढ आम्ही झाडांना वळसे देत लांबविला, मुरमाची वाट वस्तीच्या तोंडापर्यंत नेली, आणि एका जुन्या जांभळाखाली जेथे लोक आपोआप थांबत तेथे बाक ठेवला. भूमिपूजन झाले नाही, कोनशिला बसली नाही. वाट तयार झाली त्या दिवशी संध्याकाळी, काठी टेकणारे ते वृद्ध गृहस्थ एकदा पलीकडे गेले, परत आले, आणि पुन्हा पलीकडे गेले.

म्हणून या परिषदेपुढे मी एक ठराव ठेवीत आहे. उद्यानातील कोणत्याही पुलाच्या अंदाजपत्रकात दोन्ही टोकांच्या जोडवाटा, त्यांचे उतार, पाण्याचा निचरा आणि वार्षिक तपासणी यांचा खर्च पुलाच्याच लेखाशीर्षाखाली, स्वतंत्र बाब म्हणून दाखविला जावा. आणि जागा निश्चित करण्यापूर्वी त्या ठिकाणच्या चालण्याची प्रत्यक्ष मोजणी झालेली असावी, व तिची वही नकाशासोबत मंजुरीसाठी जोडलेली असावी. ठरावाच्या मसुद्याच्या प्रती आपल्या हाती आल्याच आहेत. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा होईल. ज्यांचा त्याला विरोध असेल त्यांनी तो मोकळेपणाने मांडावा, आणि ज्यांच्याजवळ अशी एखादी जुनी वही असेल त्यांनी ती येताना बरोबर आणावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.